निळी ज्योत जाईपर्यंत

"नमस्कार म्हणे! नमस्कार मागितलाय कोणी इथे? प्रश्न विचारा की सरळ."

वुओक्को माझ्या कानाशी पुटपुटत होती. पूर्व फिनलंडातल्या नुर्मेस गावच्या वाचनालयात मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे. दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघी तिथे एकाच टेबलाशी आपापले लॅपटॉप उघडून बसायचो, इतक्या जवळ की तिचं कोपर माझ्या कोपराला लागायचं. तिचं पुटपुटणं मला ऐकवण्यासाठी नसायचं. चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाईच्या हातातलं लाल पेन काढून घेतलं, की ते तिच्या तोंडात शिरतं, एवढंच. तिने पडद्यावरचं 'नमस्कार, मी इथे नवीन आहे' पुसलं, शेवटचं 'आगाऊ आभार' पुसलं, मधली तान्ह्या बाळाची हकिगत पुसली. उरला एका ओळीचा प्रश्न.

"आता कसा माणसात आला," ती म्हणाली.

मी कॉफी ढवळत राहिले. ते बाळ मीच जन्माला घातलं होतं, आदल्या दिवशी, शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटपून घरी आल्यावर. बाळाची आईही मीच.

हे जरा नीट सांगायला हवं.

'हीलोस' ही इंटरनेटवरची प्रश्नोत्तरांची जागा. हीलोस म्हणजे निखारे. घर ऊबदार ठेवणाऱ्या विटांच्या उंच चुली, त्यांची धुराडी, झडपा, लाकडं, काजळी, एवढाच तिथला विषय. कोणीही यावं, विचारावं, ज्याला ठाऊक असेल त्याने सांगावं. नवख्या माणसाने काय करावं हे पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे: आधी जुने प्रश्न धुंडाळा, कदाचित तुमचं उत्तर तिथेच असेल. एका वेळी एकच विचारा. चूल कसली, झडपा किती, लाकूड कुठलं, ते सांगा, म्हणजे आम्हाला अंधारात दगड मारावे लागणार नाहीत. आणि सांगितलेलं करून पाहिलंत, की परत येऊन काय झालं ते कळवा. हा शेवटचा नियम कोणी पाळत नाही. उत्तर मिळालं की लोक जातात, आणि आपण वर्षानुवर्षं विचार करत बसतो की त्या सोत्कामोच्या गृहस्थाचं धुराडं शेवटी धूर ओढायला लागलं की नाही.

माझा स्वतःचा पहिला प्रश्न नऊ वर्षांपूर्वीचा. त्या वसंतात माझा नवरा कालेर्वो वारला. चूल तोच पेटवायचा. मी चोवीस वर्षं नुसती तिला पाठ टेकून बसले होते. ऑक्टोबर आला, घरभर धूर झाला, तेव्हा मी हीलोसवर लिहिलं. नमस्कार लिहिला, कालेर्वोचं लिहिलं, होल्याक्का गावातलं घर एका माणसाला किती मोठं पडतं तेही लिहिलं. तासाभराने पाहते तर त्यातली एकच ओळ शिल्लक: 'लाकूड वाळलंय हे कसं ओळखावं?' बाकी सगळं वुओक्को नावाच्या कोणा बाईने पुसलेलं. मी रडले, मग रागावले. पण खाली उत्तर होतं. लिएक्साचा ताइस्तो, आयुष्यभर धुराडी साफ केलेला म्हातारा, त्याने लिहिलं होतं: 'दोन ओंडके एकमेकांवर हाण. वाळलेले खणकन वाजतात, ओले ठपकन. उद्या सांग कसे वाजले.'

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. मग सांगतच राहिले. सांगता सांगता शिकले, आणि शिकता शिकता दुसऱ्यांना सांगायला लागले. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरं रोज माझ्यासमोरून ताटं घेऊन जातात आणि मला तीनच शब्द म्हणतात: थोडं, बास, नको. घरी तेवढेही नाहीत. मी जे काही बोलत आले ते हीलोसवर.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. जुन्या घरांची जपणूक करणारा जो प्रांतिक संघ आम्हाला ही जागा चालवू देतो, त्याचं. भाषा अगदी सभ्य होती. गेल्या दीड वर्षात हीलोसवर नवं माणूस आलेलं दिसत नाही. जुनेच सभासद जुन्याच गोष्टी बोलतात. तरी वर्षअखेरीस बाहेरच्या एका तरी नवख्या माणसाचा प्रश्न तिथे खुला असला, त्यावर बोलणं चालू असलं, तर जागा राहील. नसेल तर एक जानेवारीपासून हीलोस वाचता येईल, तिथे लिहिता येणार नाही.

पत्र वाचून कोणी काहीच बोललं नाही. आमच्याकडे तशी पद्धतच आहे.

मी मात्र नवखी माणसं तयार करायला लागले. कुह्मोची तरुण आई, मग एक पेन्शनीतला ट्रक ड्रायव्हर. मला नवखेपणा चांगला आठवत होता, म्हणून त्यांच्या चुका मी प्रेमाने केल्या. एकात दोन प्रश्न घुसवले, झडपा किती ते सांगायला विसरले. वुओक्कोने त्यांना फटकारलं, ताइस्तोने समजावलं, मी त्यांच्या वतीने लाजून माफी मागितली. दोन आठवडे हीलोस पुन्हा नांदतं झालं.

मग मला दिसायला लागलं की नवखे माझे एकटीचेच नाहीत. एका 'शहरी तरुणाने' काजळीला असं नाव वापरलं जे धुराड्यात निम्मं आयुष्य गेलेला माणूसच वापरेल. एका 'शेतकऱ्याचे' स्वल्पविराम इतके जागच्या जागी, की ते कोणाचे हे सांगायला नको. दोन प्रश्न भल्या सकाळी एकाच वेळेला पडायचे, योएनसूहून आमची यंत्रं सांभाळणारा ओस्मो कामावर जायच्या आधी. चार जणांची जागा; चौघेही खोट्या नावाने विचारत होतो आणि खऱ्या नावाने उत्तरं देत होतो. सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी चकार शब्द काढला नाही. एकमेकांचं खोटं आम्ही इतक्या मनापासून निस्तरत होतो, की त्याला खोटं म्हणणं जिवावर आलं असतं.

ऑक्टोबरच्या दोन तारखेला हिल्या आली.

'नमस्कार. मी इथे नवीन आहे. चुलीची झडप कधी बंद करावी? आभार.'

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. झडप उशिरा बंद केली तर सगळी ऊब धुराड्यातून निघून जाते. लवकर केली तर निखाऱ्यांचा वायू घरात भरतो. त्याला ना रंग ना वास, आणि झोपलेलं माणूस उठत नाही. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचते आहे तोवर झडपेला हात लावायचा नाही, हे इथल्या पोरांना अक्षरओळखीच्या आधी शिकवतात.

वुओक्कोने नमस्कार पुसला, आभार पुसले, प्रश्न अपुरा म्हणून थांबवून ठेवला आणि खाली नेहमीची ओळ डकवली: चूल कसली, झडपा किती, लाकूड कुठलं, धुराडं केव्हा साफ केलं, आणि निळी ज्योत दिसते तोवर झडप बंद करू नये. थांबवलेला प्रश्न खुलाच धरतात, पण त्याला उत्तर देता येत नाही. शेरे तेवढे लिहिता येतात. आमच्यातल्या दोघांनी संमती दिली, की तो उत्तरासाठी मोकळा होतो.

त्याच मिनिटाला हिल्याचा शेरा आला.

'विटांची. झडप एक. लाकूड बर्चचं. धुराडं मी लहान असताना साफ केलं होतं. ज्योत निळी आहे. थांबते.'

मला हसू आलं. धुराडं मी लहान असताना! हा टोमणा ताइस्तोशिवाय कोणाला सुचणार? खरं सांगते, मला थोडी असूयाही वाटली. माझ्या ट्रक ड्रायव्हरला असा आवाज कधी सापडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी: 'अजून निळी आहे. थांबले आहे.'

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी विचारलं, लाकूड पुन्हा घातलंत का? 'नाही. तेच आहे.' विझत आलेले निखारे दोन तास तग धरतात, जाड ओंडका असला तर तीन. सहाव्या दिवशी ताइस्तोने लिहिलं, 'बाई, सहा दिवस कुठलेच निखारे राहत नाहीत. फोटो टाक.' मी मनात म्हटलं, स्वतःशीच बोलतोय लबाड, आणि किती छान.

फोटो आला.

पांढरा चुना दिलेली चूल, कडेने पिवळी पडलेली. लोखंडी दार उघडं. आत निखाऱ्यांचा सपाट थर आणि त्यावर बोटभर उंचीची निळी ज्योत. खाली जमिनीवर चिंध्यांचं विणलेलं पायपुसणं, त्याच्या अलीकडे राखाडी लोकरी मोजे घातलेले दोन पाय. त्याच्याही अलीकडे, फोटोच्या खालच्या कडेला, करड्या झग्यावर ठेवलेले दोन हात. डावा उजव्यात. म्हातारे, धुतलेले, स्वस्थ हात.

फोटो बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला होता. दोन्ही हात मांडीवर असताना तो कोणी काढला, हे मी विचारलं नाही. ताइस्तोनेही नाही. वुओक्कोने लिहिलं, 'प्रश्नाशी संबंध नसलेला मजकूर टाळावा,' पण फोटो काढून टाकला नाही.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा एका गुरुवारी वुओक्को खोलीत जरा उशिरा आली. कोट न काढताच बसली.

"इर्या, तू हिच्या प्रश्नाला हात लावतेस का गं?"

"कुणाच्या?"

"हिल्याच्या. नमस्कार परत येतो."

तिने दाखवलं. प्रश्नाच्या डोक्यावर 'नमस्कार. मी इथे नवीन आहे.' शेवटी 'आभार.' हीलोसवर कोणीही काहीही बदललं तरी मागे नोंद राहते, कोणी, केव्हा, काय. वुओक्कोने पुसल्याच्या नोंदी होत्या, एकाखाली एक, अकरा. परत लिहिल्याची एकही नव्हती.

"ओस्मोला सांग. त्याच्या यंत्रात काहीतरी बिघडलं असेल," मी म्हणाले.

"सांगितलं. म्हणतो बघतो." तिने बाराव्यांदा पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एवढं काय अडलंय तिचं नमस्कारावाचून?"

नोव्हेंबरात बर्फ पडला, विरघळला, पुन्हा पडला. दुपारी तीनलाच दिवे लावावे लागायचे. मी शाळेतून यायची, चूल पेटवायची, लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडून ठेवायची, आणि भाजी चिरता चिरता हिल्याचं पान बघायची. ती रोज लिहायची. कधी नुसतं 'निळी आहे.' कधी थोडं जास्त: 'पाठ दुखते, पण उठत नाही. उठले आणि तेवढ्यात विझली तर कळायचं नाही.' एकदा लिहिलं, 'तुम्ही चौघे आहात ते बरं वाटतं. पूर्वी कोणाला विचारावं ते कळत नव्हतं.' ते मी दोनदा वाचलं. ताइस्तो इतका हळवा लिहील असं मला वाटलं नव्हतं.

दुसरा फोटो तिने आपणहून टाकला. तीच चूल, तेच हात. या वेळी डाव्या बाजूला खिडकीचा तुकडा आला होता. खिडकीबाहेर बर्चची पानं पिवळीधमक, उन्हात. त्या दिवशी माझ्या अंगणात गुडघाभर बर्फ होता.

असा फोटो जुना असू शकतो. मी स्वतःला तसं सांगितलं.

मग तो रविवार. मी गाजरं किसत होते. दुपारचे साडेतीन, बाहेर काळोख, चुलीत लाकडं तडतडत होती. हिल्याचा सकाळचा शेरा पडद्यावर होता: 'अजून निळी.' कोणी जवळ असलं की आपण जसं बोलून जातो, तसं माझ्या तोंडून गेलं, "अगं, ऊठ आणि झोप जा बघू. माणसाने बसावं तरी किती?"

पडद्यावर एक ओळ वाढली.

'झोपेन. आधी सांगा, झडप बंद करू का?'

मी किसणी खाली ठेवली. हात धुतले, पुसले. मग जवळ जाऊन पाहिलं. मी काही लिहिलेलं नव्हतं. माझे हात गाजराने माखलेले होते, मी कशालाही शिवले नव्हते. सकाळच्या 'अजून निळी'खाली ते उत्तर होतं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये काही नव्हतं. माझं वाक्य फक्त स्वयंपाकघरात होतं.

मी लॅपटॉप मिटला. मग वाटलं, असं कोणाच्या तोंडावर दार लावणं बरं नाही, म्हणून पुन्हा उघडला. पण बोलले नाही. संध्याकाळभर भांडीसुद्धा हळू ठेवली.

गुरुवारी वुओक्कोने माझ्याकडे न बघता विचारलं, "ती हिल्या. तुझीच ना?"

"माझी?" मी हसले. "छे गं. ताइस्तोची."

"हो. ताइस्तोचीच असणार," ती घाईघाईने म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. चष्मा स्वच्छ होता. मी तिच्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिच्या घरीही काहीतरी झालं आहे, आणि ती ते सांगणार नाही. मीही सांगणार नव्हते. सांगितलं असतं तर त्या प्रश्नाचं काहीतरी करावं लागलं असतं. आणि बाकीच्या नवख्यांचे प्रश्न तोवर उत्तरं मिळून बंद झाले होते. खुला राहिला होता तो एकच.

वर्षअखेरची बैठक एकोणतीस डिसेंबरला, दुपारी बारा वाजता, त्याच खोलीत भरली. ताइस्तो लिएक्साहून बसने आला, ओस्मो योएनसूहून गाडीने. चार माणसांच्या बैठकीलाही अध्यक्ष लागतो, इतिवृत्त लागतं आणि इतिवृत्त तपासायला दोन माणसं लागतात. आम्ही फिनिश लोक त्याशिवाय कॉफीसुद्धा ओतत नाही. ताइस्तो अध्यक्ष झाला. वुओक्कोने वही काढली. मी थर्मास आणि घरी केलेले, राय धान्याच्या पिठाचे, भात भरलेले पिराक्के मांडले.

"पोरी, लोणी कुठाय?" ताइस्तो म्हणाला. मी छप्पन्न वर्षांची आहे. त्याला मी अजून पोरगीच.

"समोरच आहे. डोळ्यांत काजळी गेलीय का?"

"साठ वर्षांपूर्वीच गेली."

ओस्मो हसला नाही. त्याने पिशवीतून एक कागद काढला. "संघाकडून गेल्या आठवड्यात हे आलंय. नवख्याचा प्रश्न खुला असला, तर तो विचारणारा आपल्यापैकी कोणी नाही, असं मी लिहून द्यायचं. सहीनिशी." त्याने घसा साफ केला. "खोटी सही मी करणार नाही. तेव्हा आज जे काय आहे ते सांगून टाकू."



"कुह्मोची आई माझी," मी म्हणाले. "आणि ट्रकवाला."

"तो ट्रकवाला तुझा?" ताइस्तो म्हणाला. "मी त्याला तीन पानं लिहिली! त्याची गुडघेदुखी कशी आहे म्हणून विचारलं!"

"तुझा तो शहरी तरुण काय कमी होता? काजळीवर निबंध लिहिला त्याने."

"शेतकरी माझा," वुओक्को म्हणाली, आणि गालांपर्यंत लाल झाली. "त्यालाच मी एकदा रागावले होते. शंका येऊ नये म्हणून."

ओस्मोचे दोन होते. एकेक नाव यादीतून कटत गेलं. आम्ही हसलो, गेल्या चार महिन्यांत हसलो नव्हतो इतकं. ताइस्तोला ठसका लागला. मग यादीत एकच नाव उरलं आणि हसणं आपोआप खाली बसलं.

"ताइस्तो?" ओस्मो म्हणाला.

"नाही."

कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. ते मला तिघांच्या चेहऱ्यांवर दिसलं. वाटायला हवं होतं.

"मी नोंदी पाहिल्या," ओस्मो म्हणाला, कागदाकडे बघत. "तिची नाव नोंदवल्याची तारीख नाही. ती आत आल्याची वेळ नाही. कुठून आली तेही नाही. प्रश्न आहे तेवढा."

"पण ती आपल्यापैकी नाही," मी म्हणाले.

"नाही."

"मग कर की सही. तेवढंच तर विचारलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि सही केली. खरी सही होती. वुओक्कोने वहीत लिहिलं. मला इतकं हलकं वाटलं, की मी सगळ्यांच्या कपात न विचारता कॉफी ओतली. हीलोस राहणार होतं. ताइस्तो 'उद्या सांग' म्हणणार होता आणि मी सांगणार होते.

ओस्मोने प्रश्न खुला असल्याची प्रत काढायला पान उघडलं, आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला.

'नमस्कार. मी इथे नवीन आहे.' वुओक्कोने त्याकडे पाहिलं. पुसायला हात उचलला नाही.

शेऱ्यांच्या तळाशी नवी ओळ होती.

'ज्योत गेली. निखारे काळे पडले. झडप बंद करू का?'

खिडकीखालचा रेडिएटर टिकटिकत होता. बाहेर वाचनालयाच्या पायऱ्यांवरचं बर्फ कोणीतरी फावड्याने ओढत होतं.

"अठ्ठ्याऐंशी दिवस," ओस्मो म्हणाला.

"दमली असेल," वुओक्को म्हणाली. तिच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

उत्तर एका शब्दाचं होतं. ज्योत गेली, निखारे काळे झाले, की झडप बंद करायची आणि झोपायचं. दोघांनी संमती द्यायची, प्रश्न मोकळा करायचा, ताइस्तोने 'हो' लिहायचं. मग ती त्यापुढे उत्तर मिळाल्याची हिरवी खूण करेल, आभार लिहील, आणि उठेल. आणि प्रश्न बंद होईल. वर्ष संपायला दोन दिवस होते. संघाचं माणूस एकतीस तारखेला पाहणार होतं.

हे आम्ही कोणी उच्चारलं नाही. ओस्मोने सही केलेला कागद उलटा करून ठेवला. वुओक्कोने वहीत काहीच लिहिलं नाही.

ताइस्तो पुढे वाकून फोटोतल्या चुलीकडे बघत होता. धुराडी साफ करणाऱ्याच्या डोळ्यांनी, वरपासून खालपर्यंत. "इतकी वर्षं साफ न केलेलं धुराडं," तो स्वतःशीच म्हणाला. "हिचा धूर जातो तरी कुठे?"

पडद्यावर एक ओळ वाढली.

'सरळ वर.'

कोणाचाही हात यंत्रावर नव्हता. ताइस्तोचे दोन्ही तळवे टेबलावर पालथे होते. ओस्मोने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं, थोडा वेळ तसंच धरलं, मग पुन्हा उघडलं.

'हे तू लिहिलंस का' असं कोणी कोणाला विचारलं नाही.

वुओक्कोने हात पुढे करून माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती. तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि ती पडद्याकडे बघून गप्प राहिली. तेव्हा मला उमगलं की आपण चौघे गेले कितीतरी आठवडे आपापल्या घरी असेच गप्प बसत आलो आहोत. या खोलीत आता जे बोलू ते हिल्या ऐकणार होती.

ताइस्तोने टोपी घातली. काढली. मांडीवर ठेवली.

"दोघांची संमती," तो म्हणाला. "एक माझी."

तो ओस्मोकडे बघत होता. ओस्मो वुओक्कोकडे. वुओक्कोने डोळे मिटले होते.

सगळ्यांनी शेवटी माझ्याकडे पाहिलं.

मला एक तारखेची सकाळ दिसत होती. स्वयंपाकघरातलं टेबल, उघडा पडदा, त्यावर नऊ वर्षांचं बोलणं, आणि खाली लिहायला जागा नाही.

'करू का?' पडद्यावर आलं.

मी खुर्ची पुढे ओढली. यंत्राला हात लावला नाही. जसं शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं, तसं हळू बोलले.

"हिल्या," मी म्हणाले, "दोनच दिवस आहेत गं. अजून बसशील?"